देवांची आस्थापना शाखा : रोम ते नेपल्स

सोमवार, रोम

पँथिऑन या जुन्या रोमन देवळात पाऊस आत पडतो. वाचलं होतं, पण घुमटाच्या मधोमध आठ-नऊ मीटर रुंदीचं भोक उघडं ठेवून लोक एकोणीसशे वर्षं निवांत राहिले, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. झरोक्याखालचा गोल दोरी लावून मोकळा ठेवला होता आणि सरी थेट संगमरवरावर पडत होत्या. फरशी मधे किंचित फुगीर आहे. पाणी कडेला सरकतं आणि फरशीतल्या बारीक भोकांतून खाली उतरतं. मी छत्री मिटून त्या भोकांकडे बघत उभी राहिले.

"मावशे, लोक वर बघायला येत्यात आणि तू गटार बघ," भाचा म्हणाला.

भाचा तुरिनला इंजिनिअरिंग शिकतो. दिवाळी उरकून मी त्याच्याकडे आले ती ठराव करूनच : रोममध्ये मी म्हणेन तिथे जायचं, नेपल्समध्ये तो म्हणेल तिथे. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत गेली. ज्येष्ठता यादी, बढती, बदली, निलंबन, सेवापुस्तकातल्या नोंदी. त्यामुळे कुठल्याही देवळात गेले की हात जोडून झाल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, इथल्या नेमणुका कोण करतं? सगळ्या देवांचं म्हणून जे देऊळ जगभर प्रसिद्ध आहे, तिथे तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

दर्शनी पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की लूशियसचा मुलगा मार्कस अग्रिपा याने, तिसऱ्यांदा कॉन्सल (रोमचा वर्षभरासाठीचा मुख्य अधिकारी) असताना, हे बांधलं. आणि हे खरं नाही. अग्रिपाने बांधलेलं देऊळ इ.स. ८० मध्ये जळालं. पुन्हा उभं केलं ते ११० मध्ये वीज पडून जळालं. आज दिसतंय ते हेड्रियन बादशहाच्या काळात, १२६ च्या सुमारास पुरं झालेलं. हेड्रियनने पाटीवर स्वतःचं नाव घातलं नाही, पहिल्या माणसाचंच ठेवलं. असा वरिष्ठ मला सबंध नोकरीत भेटला नाही.

अग्रिपाचा एक किस्सा कॅशियस डिओ या इतिहासकाराने नोंदवून ठेवलाय. अग्रिपाला आतमध्ये, देवांच्या बरोबरीने, ऑगस्टस बादशहाचा पुतळा बसवायचा होता. ऑगस्टसने नको म्हटलं. मग आत कोण बसला, तर ज्युलियस सीझर, जो मेलेला होता आणि रीतसर देव झालेला होता. ऑगस्टस आणि अग्रिपा यांचे पुतळे बाहेर ओसरीवर. जिवंतपणी देवांच्या रांगेत बसायची घाई केली की काय होतं ते सीझरच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलंच होतं. ऑगस्टस थांबला. इ.स. १४ मध्ये वारला आणि सिनेटने त्याच वर्षी ठराव करून त्याला देव केलं.

भाच्याला पुतळ्यांत रस नव्हता, तो घुमटात अडकला. आतली रुंदी ४३.३ मीटर आणि जमिनीपासून झरोक्यापर्यंतची उंचीही तितकीच. काँक्रीट आहे, पण आत लोखंडाची एक सळई नाही. खाली जड दगडाची खडी, वर जाऊ तशी हलकी, अगदी वर सच्छिद्र ज्वालामुखी दगड. हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की झरोक्यातून आलेला झोत जमिनीवर उतरतच नाही, घुमटावरच फिरतो. २१ एप्रिलला, म्हणजे रोमच्या स्थापनादिनी, भर दुपारी तो बरोबर दारावर येतो. अंबाबाईचा किरणोत्सव पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, पण वाटलं.

देवांना इथून कुणी काढलं? ६०९ मध्ये फोकास बादशहाने ही इमारत पोप चौथ्या बोनिफेसला देऊन टाकली. पोपने तिचं मेरीचं आणि हुतात्म्यांचं चर्च केलं. भुयारी दफनभूमींतून हुतात्म्यांच्या अस्थी अठ्ठावीस गाड्या भरून आणल्या, अशी परंपरा सांगते. एका हुकमाने जुनी सगळी पदं रद्द आणि त्याच वास्तूत घाऊक भरती. इमारत टिकली ती मात्र या हुकमामुळेच, हेही खरं. चर्च झाली म्हणून कुणी तिचे दगड उपटून नेले नाहीत. धातू नेला. ६६३ मध्ये दुसऱ्या कॉन्स्टन्स बादशहाने छपराचे मुलामा दिलेले पत्रे नेले, सतराव्या शतकात बार्बेरिनी घराण्यातल्या पोपने ओसरीचं कांसं काढून तोफा ओतल्या. "रानटी टोळ्यांनी केलं नाही ते बार्बेरिनींनी केलं" असं रोमकर तेव्हापासून म्हणतात.

आत आता राफाएल चित्रकाराची कबर आहे आणि इटलीच्या दोन राजांची. इटली १९४६ पासून प्रजासत्ताक आहे. तरी राजाच्या कबरीपाशी एक स्वयंसेवक छातीवर पदक लावून मानवंदनेला उभा होता आणि समोर सह्यांची वही होती. मी वही चाळली. तारीख, नाव, गाव, शेरा, सगळे रकाने नीट भरलेले. कलावंतांचे अर्धपुतळेही पूर्वी इथे बरेच होते. १८२० मध्ये पोपने ते उचलून कॅपिटॉल टेकडीवर पाठवले. गर्दी फार झाली होती म्हणे.

माणसांचं पँथिऑन करायचं खूळ पुढे पॅरिसने मनावर घेतलं. १७९१ मध्ये क्रांतिकारकांनी एक नवंकोरं चर्च ताब्यात घेऊन थोर पुरुषांचं समाधिस्थान केलं. पहिला मान क्रांतीतला पुढारी मिराबोला. तीन वर्षांत त्याचा राजाशी गुपचूप पत्रव्यवहार उघड झाला आणि त्याला बाहेर काढलं. त्याच दिवशी मारा या दुसऱ्या क्रांतिकारकाला आत आणलं. माराही पाच महिन्यांत बाहेर. स्वतःच्या कामाच्या बळावर तिथे पोचलेली पहिली बाई मेरी क्युरी, आणि तीही १९९५ मध्ये. सध्या तिथे कुणाला जागा द्यायची हे राष्ट्राध्यक्ष ठरवतात. निदान सही कुणाची लागते हे तरी स्पष्ट आहे.

पँथिऑनला २०२३ च्या जुलैपासून तिकीट लागतं. आम्ही माणशी ५ युरो दिले.

मंगळवार, रोम

पाऊस थांबला. कॅपिटॉल टेकडीवर ज्युपिटरच्या मूळ देवळाचा पाया संग्रहालयाच्या पोटात दाखवतात, राखाडी दगडांची भिंत. ज्युपिटर, ज्युनो आणि मिनर्व्हा अशा तिघांचं ते देऊळ. बाकी टेकडीवर फार वेळ काढला नाही.

मला बघायचे होते ते बारा देव. टेकडीवरून फोरमकडे, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाकडे, उतरताना, सॅटर्नच्या देवळाच्या मागे, कोनात वळलेली खांबांची एक रांग दिसते. पर्यटकांच्या टोळ्या तिथे थांबत नाहीत. या ओसरीत सहा देव आणि सहा देवी होत्या. ज्युनो, व्हेस्टा, मिनर्व्हा, सेरेस, डायना, व्हीनस, मार्स, मर्क्युरी, ज्युपिटर, नेपच्यून, व्हल्कन, अपोलो. ही यादी एनियस नावाच्या कवीने दोन ओळींत बसवली आहे आणि तिचा क्रम वृत्ताच्या सोयीने लागलाय. ज्युपिटर नवव्या नंबरावर. ज्येष्ठता यादीत साहेबाचं नाव नववं आलं असतं तर आमच्याकडे फाइल परत आली असती.

त्या खांबांवर जो लेख आहे तो ३६७ सालचा. प्रेटेक्स्टाटस नावाच्या नगरप्रमुखाने बारा देवांच्या मूर्ती आणि ओसरी दुरुस्त करून घेतली. पहिला ख्रिस्ती बादशहा कॉन्स्टंटाइन याला जाऊन तीस वर्षं झाली होती, बादशहा ख्रिस्ती होते, आणि हा गृहस्थ व्हीनसच्या छपराची डागडुजी करवत होता. ३९१ मध्ये थिओडोसियस बादशहाचा हुकूम निघाला की देवळात कुणी पाऊल टाकायचं नाही. म्हणजे इमारतीची दुरुस्ती झाली, रंग लागला, आणि चोवीस वर्षांत विभागच बंद.

फोरममध्ये देव झालेल्या माणसांची देवळं आहेत. सीझरला जाळलं त्या जागेवर मातीचा एक ओबडधोबड चौथरा उरलाय, वर पत्र्याचं छप्पर. त्यावर ताजी फुलं होती आणि वहीतून फाडलेल्या कागदावर इटालियनमध्ये काहीतरी लिहून ठेवलेलं. थोडं पुढे अँटोनायनस बादशहा आणि त्याची बायको फॉस्टिना यांचं देऊळ. बाई आधी वारली म्हणून देऊळ आधी तिचं, १४१ सालचं. नवरा वीस वर्षांनी वारला तेव्हा वरच्या पट्टीवर त्याचं नाव वाढवलं. दोन्ही ओळी आजही वाचता येतात.

देवपदाची पद्धत ठरलेली होती. बादशहा मेला की सिनेटपुढे विषय यायचा. ठराव मंजूर झाला की देऊळ आणि पुजारी. नामंजूर झाला की नुसता मेलेला बादशहा. व्हेस्पेशियनला मरणाच्या दारातही याची गंमत वाटत होती. "अरे देवा, मी देव होतोय वाटतं," असं तो म्हणाल्याचं चरित्रकार स्वेटोनियसने लिहिलंय. आणि जो नकोसा झाला त्याचं नावच खरवडायचं. सेप्टिमियस सेव्हरस बादशहाच्या कमानीवरच्या लेखात चौथी ओळ नीट बघा. दगड इतर ओळींपेक्षा खोल गेलाय आणि अक्षरांच्या खाली जुन्या अक्षरांच्या खिळ्यांची भोकं तशीच आहेत. तिथे धाकट्या राजपुत्राचं, गेटाचं नाव होतं. थोरल्याने त्याला मारलं, नाव काढून टाकलं आणि रिकाम्या जागेत स्वतःची आणि बापाची स्तुती भरली. सेवापुस्तकात खाडाखोड केली की ती उजेडाला धरून ओळखायची, हे मी पोरांना शिकवत असे. इथे खालूनच दिसते.

बुधवार, रोम

आज परगावच्या देवांचा दिवस.

रोमची भरती मोठी मजेशीर. इ.स.पू. ३९६ मध्ये व्हेई हे शेजारचं शहर जिंकलं तेव्हा तिथल्या ज्युनोला विचारलं, बाई, रोमला यायचं का? मूर्तीने मान हलवली, असं इतिहासकार लिव्ही सांगतो. बदलीला कर्मचाऱ्याची संमती. इ.स.पू. २९३ मध्ये साथ आली तेव्हा ग्रीसहून आरोग्याचा देव अस्क्लेपियस मागवला. तो सापाच्या रूपात गलबतावर चढला आणि टायबर नदीच्या बेटावर उतरून गेला. बेटाला म्हणून दगडी गलबताचा आकार दिला. त्याचा एक तुकडा पाण्याजवळ खाली अजून आहे आणि त्यावर काठी आणि साप दिसतो. बेटावर आजही दवाखाना चालू आहे. आम्ही पुलावरून गेलो तेव्हा रुग्णवाहिका आत शिरत होती.

सगळ्यात मोठी नेमणूक सिबेलीची. रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हनिबल इटलीत ठाण मांडून बसलेला, माणसं हवालदिल. पोथ्या उघडल्या, तर त्यात निघालं की आशियातली महामाता आणा. इ.स.पू. २०४ मध्ये तिचा काळा दगड जहाजाने आला आणि पॅलटाइन टेकडीवर तिचं देऊळ झालं. हनिबल गेला, देवी राहिली. तिचे पुजारी मात्र स्वतःला खच्ची करून घेणारे, रंगीत कपडे घालून झांजा वाजवत फिरणारे, आणि रोमच्या नागरिकाला तसा पुजारी व्हायला कायद्याने बंदी. देवी कायम, कर्मचारी बाहेरचे. अशा अटी घातलेली फाइल मी बघितलेली आहे.

दुपारी सान क्लेमेंते. रस्त्यावरून आत गेलात की बाराव्या शतकातलं चर्च, छतात सोन्याचं काम. जिना उतरला की चौथ्या शतकातलं चर्च, भिंतीवर पुसट चित्रं. आणखी जिना उतरला की पहिल्या-दुसऱ्या शतकातलं रोम, ओलसर विटांच्या बोळांचं. तिथे मिथ्रासचं देऊळ आहे. गजांच्या दारातून आत बघायचं. छत कमानी आणि बुटकं, दोन्ही भिंतींना लागून जेवायला आडवं व्हायचे दगडी कट्टे, मधे चौकोनी वेदी आणि तिच्यावर बैलाच्या पाठीवर गुडघा रोवलेला मिथ्रास. कुठेतरी भिंतीपलीकडे पाणी वाहतंय. दिसत नाही, पण आवाज इतका मोठा की बोलायला आवाज चढवावा लागतो.

मिथ्रासच्या पंथात बायकांना प्रवेश नव्हता. त्यामुळे तिथे येऊन मला जे समाधान झालं ते थोडं आगाऊपणाचंच होतं. पण खरी मजा पुढे आहे. या पंथात सात पायऱ्या होत्या. कावळा, नवरी, शिपाई, सिंह, पर्शियन, सूर्याचा दूत आणि सर्वात वर पिता. सैनिक, जकातीवरचे कारकून, सुटका झालेले गुलाम अशी माणसं इथे यायची. दिवसभर साहेबाचं ऐकून घेतलेला माणूस रात्री इथे सिंह व्हायचा.

"म्हणजे देवाकडं पण बढतीसाठीच," भाचा म्हणाला.

परतताना पँथिऑनच्या मागे एक गल्ली आहे, तिथे संगमरवरी पाऊल बघितलं. चपलेसकट, माणसाच्या कमरेएवढं. पँथिऑनपासून हाकेच्या अंतरावर इजिप्तच्या इसिसचं मोठं देऊळ होतं, तिथल्या पुतळ्याचं हे असावं असं मानतात. बाकीची मूर्ती गेली, पाय राहिला, आणि गल्लीला त्याचंच नाव पडलं. जवळच्याच चौकात बर्निनीचा हत्ती पाठीवर इसिसच्या आवारातला स्तंभ घेऊन उभा आहे, आणि स्तंभाच्या टोकावर क्रूस.

गुरुवार, नेपल्स

रोमहून गाडीने सव्वा तास. इथून पुढे भाच्याचा हुकूम, पण त्याने उदार होऊन मला एक दिवस दिला.

नेपल्सच्या कॅथीड्रलमध्ये सान जेन्नारोचं वेगळं दालन आहे. हा शहराचा मुख्य संरक्षक संत. पण एकट्यावर भागत नाही, त्याला पन्नासहून अधिक सहसंरक्षक आहेत. त्यांचे चांदीचे अर्धपुतळे दालनात आणि बाजूच्या संग्रहालयात ओळीने. कुणाच्या हातात पुस्तक, कुणाच्या हातात कमळासारखं फूल, सगळे छातीपर्यंत. जिथे रोमच्या पोपांनी देवमंडळ बरखास्त केलं, तिथून जेमतेम सव्वादोनशे किलोमीटरवर हे चांदीचं भरगच्च मंडळ.

या दालनामागे नवस आहे, आणि तोही नोटरीपुढे केलेला. १५२७ च्या जानेवारीत, प्लेग आणि लढाया यांनी शहर बेजार झालं तेव्हा नगरातल्या प्रतिनिधींनी सान जेन्नारोशी करार लिहिला. तू प्लेग आवर, आम्ही तुला नवं दालन बांधू. संत मरून तेव्हा बाराशे वर्षं झालेली. कराराच्या दुसऱ्या बाजूला सही कोणाची, असा माझा प्रश्न होता. दालनाचं काम १६०८ मध्ये सुरू झालं, म्हणजे नवस फेडायला शहराने एक्याऐंशी वर्षं घेतली. संताने तक्रार केल्याचं दिसत नाही.

संताचं रक्त कुपीत ठेवलंय. वर्षातून तीनदा ते पातळ होतं अशी श्रद्धा आहे, मे महिन्यात, १९ सप्टेंबरला आणि १६ डिसेंबरला. उशीर झाला की पुढच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या बायका संताला शिव्या घालतात, "पिवळ्या तोंडाच्या" म्हणून. या बायका स्वतःला संताच्या नातेवाईक म्हणवतात. आपल्याकडे देव पाण्यात घालून बसतात, तसा धाक. १७९९ मध्ये तर प्रकरण निलंबनापर्यंत गेलं. फ्रेंच फौजा शहरात असताना, त्यांच्या सेनापतीसमोर, रक्त पातळ झालं. राजाची माणसं जूनमध्ये परत आली तेव्हा लोकांनी ठरवलं, हा संत फितूर, फ्रेंचांचा माणूस. त्याला काढलं आणि पदुआच्या अँथनीला संरक्षक नेमलं. पुढे काही वर्षांनी सान जेन्नारो पूर्वपदावर रुजू झाला.

संध्याकाळी पुराणवस्तुसंग्रहालय. प्रचंड हर्क्युलिसपाशी सगळे फोटो काढत होते. मी शोधत होते ती वीतभर हस्तिदंती बाई.

१९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात सापडलेली, भारतातून आलेली. उंची २५ सेंटिमीटरच्या आत. अंगावर दागिने आणि दुसरं काही नाही, एक पाय दुसऱ्यावर टाकलेला, दोन बाजूंना दोन छोट्या दासी, डोक्यात वरून भोक. आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावा. तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेलं. आधी हिला लक्ष्मी म्हणत, आता बरेच जण यक्षी म्हणतात. मराठी माणसाने हिच्यासमोर थांबायचं कारण असं, की हिच्यासारख्या बायका आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला सापडल्या आहेत. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं तेर, धाराशिव जिल्ह्यातलं. जुन्या ग्रीक खलाशांच्या पुस्तकात त्याचं नाव तगर. ती इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली म्हणजे त्याआधी केव्हातरी निघाली असणार.

उलट दिशेचाही प्रवासी आहे आणि तो माझ्या गावात आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेला काश्याचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये उभा आहे. लहानपणापासून मी त्याला बघतेय. समुद्रापासून इतक्या लांब, घाटावर, त्याला कुणी काही काम दिलं असेल का, हा प्रश्न मला तिथे कधी पडला नव्हता. इथे, हिच्यासमोर, पडला. कुणी हिला उदबत्ती लावली असेल का? की घरची बाई केस विंचरताना हातात धरायची, इतकंच? देव परगावी गेला की पद जातं आणि वस्तू उरते, हे दोघांच्याही बाबतीत झालेलं दिसतं.

शुक्रवार, पाँपेई

लोकल गच्च भरलेली होती. दिवसभर चालणं झालं, त्यातलं दोनच ठिकाणी रेंगाळले.

व्हेत्ती बंधूंच्या घरात देवघर भिंतीवर रंगवलंय. मधे टोगा डोक्यावरून घेतलेला गृहस्थ, तो घरधन्याचा प्राणदेव. दोन बाजूंना दोन तरुण नाचतायत, ते घराचे रक्षक लारेस. खाली सरपटत जाणारा मोठा नाग, वेदीवरच्या नैवेद्याकडे. राज्याची बारा देवांची यादी काहीही असो, घरातल्या यादीत हा नाग पक्का. याच घराच्या दाराशी प्रायपस नावाचा देव आपलं लिंग तराजूत तोलतोय. भाचा एकदम लांबच्या खांबाचं निरीक्षण करायला गेला.

दुसरं ठिकाण इसिसचं देऊळ. ६२ च्या भूकंपात पडलं, ते स्वखर्चाने बांधून दिलं नुमेरियस पोपिदियस सेल्सिनस याने, आणि नगरसभेने खूश होऊन त्याला सभासद करून घेतलं. दारावरच्या लेखात त्याचं वयही आहे. सहा वर्षं. बाप सुटका झालेला गुलाम होता. त्याला नगरसभेत बसायची परवानगी नव्हती. मग देवीचं देऊळ बांधून पोराची नेमणूक करून घेतली. मी लेखाची नक्कल तीनदा वाचली. इतकी स्वच्छ फाइल क्वचित मिळते.

शनिवार, नेपल्स

आज दिएगो मॅराडोना.

कोल्हापूरचा माणूस नेपल्सला आला की त्याला फार समजावून सांगावं लागत नाही. पेठापेठांत तालमी, तालमींचे फुटबॉल संघ, शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानं ओस, विश्वचषक आला की गल्लीत माणूसभर उंच कटआउट. भाचा त्यातच वाढलाय. तो सकाळी आंघोळ करून स्वच्छ शर्ट घालून तयार होता. देवळात जाताना सांगून सांगून थकते मी, पण त्याचा शर्ट कधी इस्त्रीचा नसतो.

मॅराडोना १९८४ च्या जुलैमध्ये बार्सिलोनाहून इथे आला. तोवर दक्षिणेतल्या या गरीब शहराने इटलीची फुटबॉल लीग कधी जिंकली नव्हती. श्रीमंत उत्तरेकडचे संघ जिंकायचे आणि नेपल्सच्या लोकांना पटकी झालेले, माती खाणारे म्हणून हिणवायचे. १९८७ मध्ये लीग मिळाली, १९८९ मध्ये युएफा चषक, १९९० मध्ये पुन्हा लीग. १९८७ ला कुणीतरी कबरस्तानाच्या भिंतीवर लिहून ठेवलं, "तुम्ही काय गमावलंत ते तुम्हाला ठाऊक नाही." पुढे कोकेन, बंदी, १९९१ मध्ये जाणं. शहराने त्याचं सेवापुस्तक वाचलं आणि शेरा बदलला नाही.

जुन्या नेपल्समधून सरळ रेषेत जाणारी एक गल्ली आहे, तिच्यात नील नदीच्या देवाची संगमरवरी मूर्ती आडवी पहुडलेली आहे. अलेक्झांड्रियाहून आलेले व्यापारी इथे राहायचे, त्यांचा हा देव. मधल्या काळात हरवली. सापडली तेव्हा डोकं नव्हतं आणि अंगाखांद्यावर पोरं होती, म्हणून लोक तिला बाई समजले. दाढीवालं डोकं सतराव्या शतकात बसवलं. या देवाच्या अगदी समोर एक कॉफीचं दुकान आहे आणि त्याच्या भिंतीवर मॅराडोनाचं देवघर. निळी चौकट, फोटो, दिवा, आणि एका छोट्या पेटीत त्याच्या डोक्याचा केस. शेजारी कुपीत १९९१ चे अश्रू. चार पावलांवरच्या कॅथीड्रलमधली कुपी दोन दिवसांपूर्वी पाहिलेल्या माणसाला यातली थट्टा कळते आणि ती नुसती थट्टा नाही हेही कळतं. माझ्या पुढे उभ्या असलेल्या माणसाने कॉफी संपवली, दोन बोटं ओठांना लावून चौकटीला लावली आणि कामाला गेला.

स्पॅनिश वस्तीत त्याचं भिंतभर चित्र आहे, १९९० मध्ये काढलेलं. चेहरा नेमका खिडकीच्या झडपेवर येतो. घरमालकिणीने खिडकी उघडली की दिएगोचं तोंड बाजूला होतं. खाली चौकात शेकडो स्कार्फ, फुलं, मेणबत्त्या, लहान मुलांचे बूट.

आणि बदलीचा शेवटचा हुकूम बघा. शहराच्या स्टेडियमचं नाव होतं सान पाओलो, कारण सेंट पॉल रोमला जाताना याच किनाऱ्यावर उतरला. २५ नोव्हेंबर २०२० ला मॅराडोना गेला. डिसेंबरमध्ये नगरपालिकेने ठराव करून स्टेडियमला त्याचं नाव दिलं. प्रेषित पॉल गेला आणि दिएगो आला. कुणी मोर्चा काढला नाही. ऑगस्टसला सिनेटने जितक्या झपाट्याने देव केलं, तितक्याच झपाट्याने हे झालं. अर्जेंटिनात रोसारियो शहरातल्या चाहत्यांनी तर १९९८ मध्ये त्याच्या नावाचं चर्चच काढलंय आणि ते वर्षं त्याच्या जन्मापासून, १९६० पासून, मोजतात. पण ते सगळं हौसेचं. नेपल्सचा ठराव कागदावर आहे, म्हणून मला तो जास्त आवडला.

दुपारनंतर सान ग्रेगोरियो आर्मेनो. नाताळच्या देखाव्यासाठी मातीच्या बाहुल्या करणाऱ्या कारागिरांची गल्ली. नोव्हेंबरात इथे पाय ठेवायला जागा नसते. फळ्या चढत गेलेल्या, मागच्या फळीवर मेरी, जोसेफ, बाळ येशू, मधल्या फळीवर मेंढपाळ, पिझ्झा भाजणारा, मासे विकणारी, आणि अगदी पुढे, हाताला लागतील असे, फुटबॉलपटू, गायक, पुढारी, पोप. मॅराडोना पाच आकारांत. भाच्याने विचारलं, जे खेळाडू क्लब सोडून जातात त्यांचं काय करता? दुकानदाराने पायाने एक खोका पुढे सरकवला. त्यात उरलेला माल. २०१६ मध्ये ९ कोटी युरोंना युव्हेंटसला गेलेला इग्वाइन तिथे डोकं खाली करून पडला होता.

मग त्याने विचारलं, तुम्ही कुठले? भाचा चटकन बोलून गेला, तुरिन. तुरिन म्हणजे युव्हेंटसचं गाव. मॅराडोनाची किंमत जागच्या जागी २ युरो वाढली. भाच्याने मोबाइल काढून तालमीतल्या पोरांना व्हिडिओ कॉल लावला, खरं गाव दाखवायला. तिकडे रात्र झालेली, पाच-सहा डोकी एका पडद्यात. दुकानदाराला त्यांनी भिंतीवरचा स्वतःचा मॅराडोना दाखवला. तो खूश झाला, २ युरो कमी झाले.

"दिएगो आपल्याकडं हाय की," पलीकडून एकजण ओरडला. "त्यापेक्षा आपल्या कॅप्टनचा पुतळा करून मिळतोय का इचार."

भाच्याने विचारलं. होईल, म्हणाला. समोरून आणि बाजूने असे दोन फोटो लागतील, आणि पैसे आगाऊ.